सेनापतींच्या कोटातला माणूस

४ फेब्रुवारी

चि. ठकू,

मामाचे आशीर्वाद. तुझी आई बरी आहे, म्हणजे बोलते आहे.

बातमी तुला पेपरात दिसली असेल. पण त्यात माझा उल्लेख ‘एक वृद्ध कर्मचारी’ एवढाच आहे, त्यामुळे बाकीचंही तितपतच खरं समज. झालं ते असं, की परवा सेनापतींचं थडगं उघडलं.

नदीपलीकडच्या गावाचं तुणतुणं तुला माहीतच आहे. सेनापती शेवटच्या लढाईत पडलेच नाहीत म्हणे. मागच्या दाराने निघाले, नदी ओलांडली आणि त्यांच्या गावात खोट्या नावाने राहून म्हातारपणी वारले. त्यांच्याकडेही एक थडगं आहे. त्यावर नाव नाही, हाच त्यांचा पुरावा. दोन्ही गावांच्या तक्रारींना कंटाळून सरकारने समिती नेमली आणि समितीने दोन्ही थडगी उघडायची ठरवली.

आपल्याकडे आत सेनापती होते. म्हणजे हाडं होती, आणि छातीवर कोटाची पितळी बटणं, ओळीने, अगदी चित्रात आहेत तशी. मला भरून आलं. आयुष्यभर रोज सकाळी ‘साहेब, पाणी टाकतोय, सावरून घ्या’ असं सांगून मी तो दगड धुतला, आणि ज्यांना सांगत होतो त्यांना आत्ता पाहिलं.

समितीने हाडांच्या पेट्या तुमच्याच प्रयोगशाळेत पाठवल्या आहेत. मी तुला काही विचारत नाही. थडगं खोटं ठरलं तर राखणदाराचं घर रिकामं करावं लागेल आणि मला तुझ्या आईकडे राहायला जावं लागेल, एवढंच कळवतो. तू लहानपणापासून नोकरी लागेपर्यंत तिच्याजवळ राहिली आहेस. जास्त सांगायला नको.

थडग्याच्या दाराच्या किल्लीचंही एकदा बोलायचं आहे. आपल्यात ती मामाकडून भाच्याकडे जाते, बापाकडून मुलाकडे नाही. असं का, ते कोणालाच माहीत नाही. माझ्या मामाने मला दिली, त्याला त्याच्या मामाने. तुझ्या आईला एकच मूल झालं आणि तेही तू. भाची चालते का, हे विचारायला वर कोणी शिल्लक नाही. असो, हे सहज लिहिलं.

फोन करू नकोस. या भिंतींच्या आत तो लागत नाही आणि गच्चीवर चढलं की माझा गुडघा बोलतो.

तुझा,
मामा


११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पेट्या आल्या. राखणदार माझा सख्खा मामा आहे, हे मी पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, मग तू फक्त मापं घे, निकाल मी देईन. तेव्हा मला गळ घालू नकोस. तू घातली नाहीस म्हणशील, पण तुझी न घालण्याची पद्धत मला ठाऊक आहे.

एक मात्र मलाच विचारायचं आहे. पेटी उघडली की बाई आधी वास घेतात, जुनी सवय आहे. या वेळी त्यांनी दोनदा घेतला आणि मला बोलावलं. म्हणाल्या, “याला लिंबाच्या साबणाचा वास का येतोय?”

दीडशेपेक्षा जास्त वर्षं मातीत पडलेल्या माणसाला साबणाचा वास येऊ नये, मामा. तिथे साबण कोणाकडे होता?

आणि तुझ्या थुंकीचा नमुना लागेल. हाडांच्या जवळ जो जो गेला त्या प्रत्येकाचा आम्ही घेतो, म्हणजे हाडातून निघालेला डीएनए मेलेल्याचा की हाताळणाऱ्याचा ते ओळखता येतं. माझा आहे, बाईंचा आहे, फरशी पुसणाऱ्या मावशींचाही आहे. एक माणूस येऊन तुझ्या गालात आतून कापसाची काडी फिरवील. तोंड उघडायचं आहे, पण भाषणासाठी नाही.

ठकू


१७ फेब्रुवारी

चि. ठकू,

साबण माझ्याकडे होता.

तू रागावण्याआधी परिस्थिती समजून घे. समितीची मंडळी चहाला गेली होती. सेनापती उघड्यावर, धुळीने माखलेले. इतक्या वर्षांनी घराबाहेर पडणार, तेही राजधानीत, तेही शिकल्यासवरलेल्या लोकांसमोर. त्यांना तसंच पाठवलं असतं तर लोकांनी राखणदाराच्या नावाने बोटं मोडली असती. मी फक्त डोकं आणि हातपाय धुतले. साबण नवा फोडला. स्वच्छ टॉवेलने पुसलं. तुला शाळेत पाठवताना तुझी आई याहून वेगळं काही करत नव्हती.

काडीवाला येऊन गेला. पोरगा सभ्य आहे. त्याला मी सेनापतींचा इतिहास थोडक्यात सांगितला, तर त्याला पुढच्या गाडीने जावं लागलं.

तुझ्या आईला साबणाचं सांगितलं. तिचं म्हणणं, की मी लहानपणी एकदा जिवंत कोंबडीसुद्धा धुतली होती. ते खरं आहे, पण इथे त्याचा संबंध नाही.

तुझा,
मामा


१२ मार्च

प्रिय मामा,

बाईंना साबणाचं सांगितलं. आता त्या हाडाच्या वरच्या थराला हात लावणार नाहीत. दाताच्या आतून आणि कानामागच्या टणक हाडातून नमुना काढायचा, असं ठरलं आहे. तिथवर तुझा साबण पोचला नसेल अशी त्यांना आशा आहे. तुला ओळखत असल्यामुळे मला तेवढी नाही.

काही विचारते, आणि का विचारते ते विचारू नकोस. सेनापतींचा हात मोडला होता म्हणतात, तो नेमका कुठला? आणि त्यांनी तरुणपणी कधी ओझी वाहिली होती का?

ठकू


२० मार्च

चि. ठकू,

तुझं पत्र वाचून आनंद झाला. तू स्पष्ट काही लिहिलं नाहीस, पण मी काही दूधखुळा नाही. तुम्ही हात शोधता आहात म्हणजे हात सापडला आहे.

डावा. लहानपणी घोड्यावरून पडून कोपराच्या वर मोडला आणि वाकडाच जुळला. चित्रातसुद्धा तो हात पाठीमागे घेतलेला आहे. लोकांना वाटतं तो रुबाब. ओझ्याचं म्हणशील तर राज्याचा भार वाहिला, एवढं माझ्या माहितीत आहे.

तुझं पत्र मी कोणाला दाखवलं नाही. फक्त चहाच्या टपरीवर एवढंच म्हणालो, की राजधानीहून हाताची चौकशी आली आहे. दुपारपर्यंत नगराध्यक्ष घरी आले. त्यांनी नवी पाटी रंगवायला टाकली आहे. त्यावर ‘निर्विवाद’ असा शब्द येणार आहे. मीही घराला चुना काढून घेतला.

बाईंच्या अभ्यासाला उपयोगी पडेल म्हणून थोरलीचंही लिहितो. लढाई संपल्यावर शत्रूने बाकीची सगळी प्रेतं खंदकात लोटली. थडगं मिळालं ते एकट्या सेनापतींना, कारण कोट बघून शत्रूनेही टोपी काढली. दुसऱ्याच दिवशी एक तरुण बाई आली, तीच आपली थोरली. पोरगा कडेवर, पोरगी हाताशी. दगडाजवळ बसली ती उठेना. कोण, कुठली, काही सांगेना. गावाने ठरवलं, की ही सेनापतींच्या प्रेमात वेडी झालेली आहे. तिला ‘सेनापतींची वेडी’ म्हणायला लागले. वर्ष गेलं तरी ती हटेना, तेव्हा लोकांनी झाडलोट तिच्याकडे दिली आणि मग किल्लीही. तिचा कडेवरचा पोरगा हा पहिला राखणदार, आणि हाताशी होती त्या पोरीचा मुलगा दुसरा. आपण सगळे तिथून खाली.

आपल्या घरात हे कोणी मोठ्याने बोलत नाही. खरं सांगायचं तर मला त्या बाईची लाज वाटत आली आहे. एखाद्या मोठ्या माणसापायी खुळी झालेली बाई आपल्या मुळाशी आहे, हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

तुझा,
मामा


२ मे

प्रिय मामा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता सरळच लिहिते.

तो सेनापती नाही.

डावा हात कधी मोडलेलाच नाही. लढाईच्या वेळी सेनापती पन्नाशीला आले होते. हा पंचविशीचा, फार तर अठ्ठावीसचा. उजवा खांदा आणि मानेचे मणके लहानपणापासून ओझं वाहून झिजलेले. सेनापतींनी राज्याचा भार वाहिला असेल, पण त्याने मणके असे झिजत नाहीत. पलीकडच्या गावाच्या पेटीत सत्तरीचा माणूस आहे. दात नाहीत, पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात भरपूर खाण्यापिण्याचा आजार, आणि डावा हात कोपराच्या वर वाकडा जुळलेला. मामा, ते लोक खरं बोलत होते. सेनापती मागच्या दाराने गेले, आणि कोट याच्या अंगावर ठेवून गेले.

आपल्या माणसाला गोळी समोरून लागली आहे, छातीत. पाठीत नाही.

मी हे मार्चमध्येच ओळखलं होतं आणि तुला लिहिलं नाही. तू घराला चुना काढलास हे वाचून तर अजिबातच लिहवेना.

दुसरी गोष्ट माझी. दाताच्या आतून निघालेला डीएनए आम्ही हाताळणाऱ्यांच्या नमुन्यांशी ताडून पाहिला, तर आईकडून येणारा भाग माझ्याशी जुळला. माझ्याशी आणि तुझ्याशी. अर्थ एकच निघतो, की कुठेतरी माझा हात लागला किंवा तुझा साबण अपेक्षेपेक्षा आत गेला. बाई ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट. मला या कामावरून काढलं आहे आणि चौकशी होईपर्यंत मी बाटल्या धुते. उरलेला दात दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला आहे. तिथे आपल्या घरातलं कोणी नाही, याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

या चुकीवर माझी नोकरी अडकली आहे. पण झोप उडाली आहे ती त्यामुळे नाही. तुझा दगड माझ्या हातून गेला.

ठकू


९ मे

चि. ठकू,

पत्र मिळालं.

आज दगड धुतला नाही. सकाळी बादली भरली, तिथपर्यंत गेलो. ‘साहेब’ म्हणायला तोंड उघडलं आणि आत कोणी नाही हे आठवलं. म्हणजे तसा खड्डा पेटी गेल्यापासून रिकामाच आहे. पण तोवर साहेब बाहेरगावी गेलेत असं धरून मी चाललो होतो. बादली घेऊन परत आलो. ते पाणी मग कपड्यांना वापरलं.

मला वाईट वाटलं, ठकू. मागच्या दाराने गेलेल्या माणसाला मी आयुष्यभर सावरून बसायला सांगत होतो.

तुझ्या बाईंना मी वेगळं पत्र टाकलं आहे. साबण माझा, टॉवेल माझा, हात माझे, पोरीचा काही दोष नाही, हवं तर माझी चौकशी करा, मी घरीच असतो. सोबत साबणाचं वेष्टन जोडलं आहे, तपासाला उपयोगी पडेल.

गावात अजून बोललो नाही. पाटी रंगून आली आहे, ती उलटी करून ठेवली आहे.

एक सांग. त्या पोराचं आता काय करतात? दुसऱ्याचा कोट घालून समोरून गोळी खाल्ली त्याचं?

तुझा,
मामा


२८ जून

प्रिय मामा,

साबणाचं वेष्टन बाईंनी फाइलला लावलं आहे. मी त्यांच्याकडे इतकी वर्षं काम करते, त्या हसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

आता शांतपणे बस. दुसऱ्या प्रयोगशाळेचा निकाल आला. त्यांच्याकडेही तेच निघालं. आईकडून येणारा भाग तुझ्याशी आणि माझ्याशी जुळतो, आणि बाकीचा ना तुझा आहे ना माझा. तो पुरुष आहे, म्हणजे मी नाही. आणि तू नाहीस, म्हणजे साबण नाही. आमच्या हातून काही चुकलेलं नव्हतं. दातातला डीएनए त्याचाच आहे.

आईकडून मिळणारा हा भाग असा असतो: आई तो सगळ्या लेकरांना देते, पण पुढे देतात त्या फक्त मुली. मुलगे घेऊन बसतात, तुझ्यासारखे. म्हणून तो आजीकडून आईकडे आणि तुझ्याकडे, आणि आईकडून माझ्याकडे. वर चढत गेलं तर आजीची आई, तिची आई, आणि तिच्याही वर थोरली. आपल्या या भागात एक खूण आहे ती फार थोड्या लोकांत सापडते. थोरलीत ती असणारच. आणि दगडाखालच्या माणसातही ती आहे.

मामा, थोरली सेनापतींच्या प्रेमात वेडी नव्हती. तिला सेनापतींशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या कोटात तिचा भाऊ होता.

बाई म्हणाल्या, शास्त्र एवढंच सांगतं की दोघांची आई एक, किंवा आईकडची आजी-पणजी कोणीतरी एक. मावसभाऊही असू शकतो. मग फाइल मिटून म्हणाल्या, “पण मावसभावासाठी कोणी जन्मभर बसत नाही.” आणि मग म्हणाल्या, हे अहवालात लिहायचं नाही.

किल्लीचं कोडंही सुटलं असं मला वाटतं. पहिला राखणदार त्याचा भाचाच होता. मामाचं ते भाच्याने सांभाळायचं, एवढंच तिने घालून दिलं. का, ते मात्र सांगितलं नाही.

मला कामावर परत घेतलं आहे. आनंद आहे. पण मी आज बाथरूममध्ये जाऊन रडले, ते त्या आनंदामुळे नाही. ती मरेपर्यंत लोक तिला वेडी म्हणत होते आणि तिने ते म्हणू दिलं.

त्याचं काय करतात, ते विचारलं होतंस. ‘अनोळखी पुरुष’ म्हणून पेटीवर क्रमांक टाकतात आणि मागच्या खोलीत फळीवर ठेवतात. तिथे कोरडं असतं.

ठकू


६ जुलै

चि. ठकू,

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती पूर्ण पत्रभर काही बोलली नाही. मी दोनदा थांबून तिच्याकडे पाहिलं, बरी आहे ना म्हणून.

ती का बोलली नाही, म्हणजे थोरली, हे मला कळलं. मी एवढा अडाणी नाही. तिने ‘हे सेनापती नाहीत, माझा भाऊ आहे’ असं म्हटलं असतं, तर त्याच दिवशी त्याला उकरून खंदकात टाकला असता, बाकीच्यांसारखा. सेनापतींच्या नावाखाली तरी त्याला दगड मिळाला, वर छप्पर मिळालं, रोजचं पाणी मिळालं. त्यासाठी तिने वेडी म्हणवून घेतलं. आणि मी शहाणा, मला तिची लाज वाटत होती.

काल नगराध्यक्ष आले होते. बरोबर एक वकील आणला होता. त्यांचं म्हणणं, अहवाल काही देवाने लिहिलेला नाही. हात पुढे बरा झाला असेल, वयाचा अंदाज चुकला असेल, कोट तर सेनापतींचाच आहे. मी एवढंच लिहून द्यायचं, की राखणदारांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत, आत सेनापतीच आहेत. मग गाव वरच्या कोर्टात जाईल, पेटी सन्मानाने परत येईल, माझं घर माझ्याकडे राहील. पाटीही वाया जाणार नाही.

मी विचार करतो म्हणालो. खोटं कशाला लिहू, खरंच विचार केला. घर चांगलं आहे. चुनाही नवा आहे. आणि शेवटी थोरलीने हेच केलं होतं ना? दुसऱ्याच्या नावाखाली का होईना, भाऊ जागेवर राहू दे.

पण तिला दुसरा रस्ता नव्हता. मला आहे. मी सही केली, तर तो पोरगा आणखी शंभर-दोनशे वर्षं दुसऱ्याच्या कोटात पडून राहील, आणि या वेळी ते आपल्याला माहीत असेल. नगराध्यक्षांना मी म्हणालो, “आत माझा माणूस आहे. सेनापती पलीकडे आहेत, त्यांना तिकडे जाऊन भेटा.”

वकिलाने चहा अर्धा टाकला. घर महिनाअखेर रिकामं करायचं आहे. तुझी आई तुझी खोली आवरते आहे आणि आवरताना काय काय सापडलं ते मला सांगते आहे.

आता तू एक कर. अनोळखी पुरुष म्हणून फळीवर ठेवू देऊ नकोस. तो अनोळखी नाही.

तुझा,
मामा


१ ऑगस्ट

प्रिय मामा,

परवानगी मिळाली. जवळचा नातेवाईक मागायला आला तर अवशेष द्यावे लागतात, असा नियम आहे. इतक्या जुन्या माणसासाठी कधी कोणी मागायला आलं नव्हतं, म्हणून तो कोणी वाचला नव्हता. ‘नातं’ या रकान्यात मी काय लिहावं यावर कार्यालयात बरीच चर्चा झाली. बाई म्हणाल्या, जे आहे ते लिही. मी ‘भाची’ लिहिलं. मधल्या पिढ्या रकान्यात मावत नव्हत्या.

कोटाची बटणं पलीकडच्या गावाला जातील. ती सेनापतींची आहेत, त्यांना लखलाभ.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. पेटी सामानाच्या डब्यात देणार नाही. तिचं वेगळं तिकीट काढलं आहे, खिडकीशेजारचं.

पण गावात त्याला ठेवायचं कुठे? दगडावर तर दुसऱ्याचं नाव आहे.

ठकू


५ ऑगस्ट

चि. ठकू,

तू निघण्याआधी पोचावं म्हणून घाईत लिहितो. जागेची काळजी सोड.

पलीकडच्या गावाने दगड मागितला होता, नावासकट. आपल्या गावाने चिडून दगड दिला, आणि उपकार नकोत म्हणून दारही दिलं, कुलपासकट. आता तिथे चार भिंती आणि खड्डा आहे. नगरपालिकेला तिथे सायकली लावायच्या आहेत. मी इंजिनियरला गाठलं. तो म्हणाला, “मला खड्डा भरायचा आदेश आहे, काका. कशाने भरायचा ते लिहिलेलं नाही.” शनिवारी संध्याकाळी तो स्वतः येतो आहे. कुठल्या बाजूला डोकं होतं, तेही त्याने विचारून घेतलं.

साबण आणणार नाही. शपथ.

मामा


१४ सप्टेंबर

चि. ठकू,

तू गेल्यापासून पत्र लिहायला बसलो नव्हतो, कारण तुझ्या आईच्या घरी बसायला एकच टेबल आहे आणि त्यावर ती बसते. बाकी आमचं ठीक चाललं आहे. ती सकाळी उठल्यापासून बोलते, मी सकाळी उठून बाहेर जातो.

या पाकिटात किल्ली आहे, दचकू नकोस. दार आणि कुलूप नदीपलीकडे गेलं, त्यामुळे तिने आता काही उघडत नाही. पलीकडच्या राखणदाराने निरोप पाठवला होता, कुलपाची किल्लीही द्या म्हणून. मी कळवलं, ती आमच्या घरातली आहे, तुम्ही नवीन करून घ्या. भाची चालते का, हे विचारायला वर कोणी नाही असं मी तुला लिहिलं होतं. आता आहे. त्या शनिवारी तू त्याला छातीशी धरून गाडीतून उतरलीस तेव्हाच त्याचं उत्तर मला मिळालं. तुला इथे येऊन राहायचं नाही, काही धुवायचं नाही. फक्त तुझ्याकडे असू दे.

त्या दिवशी माती टाकून झाल्यावर तू मला विचारलंस, की आता रोज जाऊन काय म्हणशील, साहेब तर गेले. इंजिनियर उभा होता, म्हणून मी बोललो नाही.

पहिले काही दिवस नुसतंच पाणी शिंपडलं. दगड नाही, तेव्हा धुवायला काही नाही. माती बसावी म्हणून शिंपडतो, असं सायकलवाल्यांना सांगतो. पण गप्प राहून पाणी टाकायचं जमेना, चोरी केल्यासारखं वाटतं. नाव तर कोणालाच माहीत नाही. मग तो माझा लागतो कोण, हे मोजायला बसलो. माझ्या मामाच्या मामाच्या मामाचा मामा. खालपासून वरपर्यंत दुसरं नातंच नाही.

माझा मामा गेला तेव्हा मी तिशीत होतो. त्यानंतर मला ते म्हणायला कोणी राहिलं नाही. तू म्हणतेस, ते मी नुसतं ऐकत आलो. म्हातारपणी माणसाचं काय काय जातं ते तुला हळूहळू कळेल. या वयात वरचं माणूस नव्याने मिळतं, हे मात्र मलाही ठाऊक नव्हतं.

काल सकाळी गेलो. सायकली अजून लागल्या नव्हत्या. बादली टेकवली. साहेबांना ‘आपण’ म्हणायची सवय, ती जिभेवर आलीच होती, ती गिळली. आणि म्हटलं, “मामा, पाणी टाकतोय. गार आहे, अंग चोरून घे.”

तुझा,
मामा